जोडरेषा : इंदूरच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

केतकीला कॉलेजात प्रकल्प द्यायचाय. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. सकाळी पोहे खाता खाता तिनं विचारलं, "मामा, इथले नियम तिकडेही चालतात हे कुणी तपासलंय का? तिकडे म्हणजे अगदी लांब, दुसऱ्या दीर्घिकेत?"

मी तीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून काढली. न्यूटनची वलयं दाखवायला सोडियमचा दिवा हजारो वेळा लावला असेल. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. म्हणून ही वही.

प्रश्न अख्खा घेतला तर हाताला काही लागणार नाही. एकच धागा धरला. सोडियमचा पिवळा प्रकाश म्हणजे वर्णपटात दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. इलेक्ट्रॉनची स्वतःची फिरकी आणि त्याचं कक्षेतलं फिरणं, दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांवर काम करतं आणि एका रेषेच्या दोन होतात. या दोघींत अंतर किती पडावं हे ज्या आकड्यावर ठरतं तो सूक्ष्मसंरचना स्थिरांक, अल्फा. सॉमरफेल्डनं तो १९१६ मध्ये मांडला. किंमत सुमारे १/१३७. विद्युतबल किती जोरकस आहे ते हा आकडा सांगतो, आणि अणू कसे जुळतात इथपासून सगळं त्याच्यावर उभं आहे. दूरच्या दीर्घिकांतही अशा जोडरेषा दिसतात. इथली जोडी मोजायची, तिथली मोजायची, ताडून पाहायची.

१२ जानेवारी, रविवार

वर्णपटदर्शक तयार. पुठ्ठ्याचा लांब खोका, दाढीची दोन नवी ब्लेडं, एक कोरी डीव्हीडी. डीव्हीडीचे दोन थर सुरीच्या टोकानं सोडवले आणि चंदेरी थर चिकटपट्टीनं उचलला. राहिलेल्या पारदर्शक चकतीवर ०.७४ मायक्रोमीटर अंतरानं चर असतात, म्हणजे मिलिमीटरला साधारण साडेतेराशे. आमच्या लॅबच्या ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या काचेवर, मिलिमीटरला सहाशेच्या आसपास रेघा असायच्या. रद्दीतून इतकं चांगलं ग्रेटिंग मिळतं याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

हिशेब केला. पिवळ्या दोन रेषांत साडेचार कलांचं अंतर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पडायला हवं, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा सातवा हिस्सा. डोळ्याला ते वेगळं कळतं. पण आजची फट ०.३ मिलिमीटर झाली होती, दोन्ही रेषा एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टा दिसला. ब्लेडं पुन्हा लावायची.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

ब्लेडांच्या धारांमध्ये वहीचा कागद धरला, ब्लेडं चिकटवली, कागद ओढून घेतला. फट ०.१ मिलिमीटर. आईनं तिळाची कढई उतरवल्यावर गॅस आम्हाला मिळाला. स्टीलची तार मिठाच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरली. आधी पट्टाच दिसला, कारण मीठ फार होतं. पाणी घालून द्रावण पातळ केलं आणि केतकी ओरडली, "दोन! मामा, दोन आहेत!"

दुपारी गच्चीवर पांढरा कागद उन्हात ठेवून त्याच्याकडे फट वळवली (सूर्याकडे थेट नाही, हे इथे ठळक लिहून ठेवतो). इंद्रधनुष्यी पट्ट्यात त्याच जागी दोन काळ्या रेषा, केसासारख्या बारीक. फ्राउनहोफरनं १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशा शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या. त्या तिथे का आहेत हे त्याला सांगता आलं नाही. ते १८५९ मध्ये किर्खहॉफनं सांगितलं : तापलेला सोडियम जो प्रकाश देतो, तोच प्रकाश तो वाटेत अडवतोही. सूर्याच्या वरच्या थरात सोडियम आहे. दहावीच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. आज स्वयंपाकघरातली जोडी आणि पंधरा कोटी किलोमीटरवरची जोडी एकाच खोक्यातून, एकाच जागी पाहिली, तेव्हा मी बराच वेळ खोका खाली ठेवला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण प्रकल्पाचं मर्म आज सापडलं.

केतकीची शंका अशी. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येताना ताणला जातो, रेडशिफ्ट होते, सगळ्या रेषा तांबड्याकडे सरकतात. रेषाच जागेवर नसतील तर ताडायचं काय?

आई बाजूला पेटी पुसत बसली होती. अजूनही संध्याकाळी दोन मुलींना गाणं शिकवते. ती म्हणाली, "पट्टी उतरली म्हणून राग बदलतो का गं?" आणि काळी चारचा सा धरून सा-प वाजवलं. मग काळी एकवर उतरून पुन्हा सा-प. सगळे सूर खाली आले, पण सा आणि प यांच्या कंपनांचं नातं दोन्हीकडे दोनास तीनच.

रेडशिफ्ट म्हणजे पट्टी उतरणं. ती प्रत्येक रेषेला एकाच संख्येनं गुणते, त्यामुळे दोन रेषांमधलं अंतर भागिले दोघींची बेरीज हे गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. अल्फा बदलला असेल तर मात्र सा-पचं नातंच बिघडेल. हे गुणोत्तर अल्फाच्या वर्गावर चालतं. अल्फा १ टक्क्यानं वाढला तर गुणोत्तर २ टक्क्यांनी वाढेल.

केतकी तेवढ्यावर थांबली नाही. "पण मोजपट्टीच बदलली असेल तर?" शंका खरी आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केलेली आहे, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. तेव्हा 'प्रकाशाचा वेग बदलला का' हे मीटरमध्ये विचारून उत्तर मिळणारच नाही, वेग बदलला तर मीटरही बदलेल. जी संख्या कुठल्याच मापात नाही, ना मीटर ना सेकंद ना किलो, तिच्याबद्दलच हा प्रश्न नीट विचारता येतो. अल्फा तशी संख्या आहे. 'नियम सारखे आहेत का' हा प्रश्न हवेत तरंगतो आहे असं मला इतके दिवस वाटायचं, ते याच ठिकाणी अडल्यामुळे.

२६ जानेवारी, रविवार

अमावास्येला तीन दिवस. मित्राची सहा इंची दुर्बीण आणली. लोकमान्यनगरच्या आकाशात दिव्यांचा उजेड बराच, तरी मृग नक्षत्रातला तेजोमेघ सापडला. केतकी म्हणाली, "हिरवट दिसतोय." मलाही तसंच दिसलं. सुमारे १३५० प्रकाशवर्षं लांब, म्हणजे हा उजेड निघाला तेव्हा दक्षिणेत बदामीचे चालुक्य राज्य करत होते.

त्या हिरव्या रंगाची गोष्ट आमच्या प्रकल्पाला थेट लागू आहे. विल्यम हगिन्सनं २९ ऑगस्ट १८६४ रोजी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. सलग पट्टा नव्हता, थोड्या सुट्या रेषा होत्या, आणि सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. लोकांनी तिकडे वेगळंच मूलद्रव्य मानलं आणि नाव दिलं नेब्युलियम. आवर्तसारणीत त्याला जागाच नव्हती. साठ वर्षांनी, १९२७ मध्ये, आयरा बोवेननं कोडं सोडवलं. तो आपलाच ऑक्सिजन होता, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्या स्थितीतला अणू प्रकाश सोडायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ घेतो. इथल्या हवेत तेवढ्या वेळात त्याला असंख्य टकरा बसतात आणि ऊर्जा टकरीतच जाते. तेजोमेघातला वायू इतका विरळ की अणूला तेवढी उसंत मिळते.

सूर्याच्या प्रभामंडळातल्या हिरव्या रेषेचंही तेच झालं. १८६९ च्या ग्रहणात ती दिसली, 'कोरोनियम' म्हणून सत्तर वर्षं मिरवली, आणि शेवटी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड निघाली. नियम तिकडे वेगळा नव्हता, परिस्थिती वेगळी होती. हा फरक केतकीच्या पोस्टरवर यायलाच हवा.

आमची दुसरी जोडीही इथेच ठरली. या ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषा निर्वातात ४९६०.३ आणि ५००८.२ अँगस्ट्रॉमवर असतात (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). दोन्ही एकाच वरच्या पायरीवरून उतरतात, म्हणजे एकाच वायूतून, एकाच वेगानं येतात. तुलनेला यापेक्षा स्वच्छ जोडी मिळणं अवघड.

२ फेब्रुवारी, रविवार

पोस्टरचा कच्चा मसुदा पाहिला. त्यात वाक्य होतं : 'हेलियमचा शोध १८६८ मध्ये लॉकियरनं विजयदुर्गावरून लावला.' आपल्याकडे हे घरोघरी सांगतात, मीही लहानपणी आजोबांकडून असंच ऐकलं. पण १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण यान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं गुंटूरहून पाहिलं. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता, १८९५ मध्ये रॅम्झेला, युरेनियमच्या एका खनिजात. वाक्य बदललं. विजयदुर्गाचं महत्त्व त्यानं कमी होत नाही, खरी तारीख पुरेशी मोठी आहे.

हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर, आमच्या सोडियमच्या जोडीच्या शेजारीच. नेब्युलियम आणि कोरोनियम फसले, हेलियम खरा निघाला, आणि सूर्यात आधी व इथे नंतर सापडूनही रेषा तीच.

९ फेब्रुवारी, रविवार

काम थोडंच. राजेंद्रनगरला आत्याकडे गेलो होतो, परतताना कॅट रोडवर केतकीला तिथल्या संस्थेतल्या इंडस-२ या कणत्वरकाबद्दल सांगितलं. १७२.५ मीटर घेराच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रकाश सांडतात. १०५४ मध्ये फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, वृषभेतला खेकडा तेजोमेघ, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून ज्या निळसर उजेडानं चमकतो तो याच जातीचा आहे, चुंबकक्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा. इंदूरचं कडं ज्या सूत्रावर बांधलं, तेच सूत्र तिथे लागू पडतं. केतकीनं गाडीत बसल्या बसल्या ते लिहून घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्लोन आकाश सर्वेक्षणाचे वर्णपट सगळ्यांना खुले आहेत. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीनं घेतलेले. केतकीनं पायथनमध्ये वाचायची सोय केली आणि पहिली दीर्घिका उघडली. रेडशिफ्ट ०.३, प्रकाश सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा. पडद्यावर दोन सुळके, एक मोठा, एक त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. ऑक्सिजनची जोडी. आईला हाक मारून दाखवली.

मग मोजलं. जोडीतलं अंतर ६२.३ अँगस्ट्रॉम यायला हवं होतं, आलं ६३.८. म्हणजे अल्फा १.२ टक्के जास्त!

रात्री अकरापर्यंत आम्ही दोघंही जागे. झोप येण्यासारखं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कारण सापडलं. केतकीनं सुळक्याचा सर्वांत उंच बिंदू घेतला होता. या वर्णपटातला एक ठिपका तिथे दीड अँगस्ट्रॉमचा असतो. ६३.८ मधून ६२.३ वजा केले की दीडच उरतात. एका ठिपक्याची चूक आणि आमचं सगळं 'नवं भौतिकशास्त्र' तेवढंच. आता सुळक्याच्या सगळ्या ठिपक्यांवर घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवून तिचा मध्य घ्यायचा. मध्य ठिपक्याच्या विसाव्या भागापर्यंत कळतो. तीच दीर्घिका पुन्हा मोजली, फरक दहा हजारात सहावर आला, मोजमापाच्या चूक-मर्यादेच्या आतच.

दुसरी चूकही सापडली. पुस्तकातली तरंगलांबी हवेतली होती, सर्वेक्षणाची निर्वातातली. त्यानं रेडशिफ्ट ०.०००३ च्या आसपास चुकत होती, पण गुणोत्तराला धक्का नव्हता, कारण दोन्ही रेषा जवळजवळ एकाच संख्येनं भागल्या जातात. आईची पट्टी पुन्हा कामी आली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मोजणी नाही, फक्त नियम ठरवले. एका दीर्घिकेत सुळक्याला दोन शेंडे आहेत, तिथे वायूचे दोन प्रवाह असणार. ती टाकावी, असं केतकीचं म्हणणं. बरोबर आहे, पण अल्फाचं उत्तर पाहून झाल्यावर टाकली तर ती निवड राहत नाही, उत्तराला हवं तसं वळवणं होतं. म्हणून ठरलं : दोन सुळक्यांची उंची तीनास एकच्या जवळ हवी (हे प्रमाणही क्वांटम यामिकीनंच ठरतं, २.९८), आकार दोन्ही बाजूंनी सारखा हवा, आणि निवड संपेपर्यंत अल्फाचा रकाना झाकलेला. केतकीनं प्रोग्रॅममध्येच तो लपवला. मला हे या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

२ मार्च, रविवार

मोठ्या लोकांनी काय केलं ते वाचत होतो. हीच ऑक्सिजनची जोडी घेऊन बाकॉल आणि श्मिट यांनी १९६७ मध्ये पाच रेडिओ दीर्घिका तपासल्या होत्या, हजारात दोनच्या अचूकतेपर्यंत. २००४ मध्ये बाकॉल, स्टाइनहार्ट आणि श्लेगेल यांनी स्लोनच्याच ४२ क्वेसारांवरून (क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) ती दहा हजारात दीडपर्यंत नेली. बदल दिसला नाही.

पण २००१ मध्ये जॉन वेब यांच्या गटानं केक दुर्बिणीवरून म्हटलं होतं की क्वेसारांच्या वाटेतल्या वायूत अल्फा लाखात ०.७ नं कमी दिसतो. खळबळ झाली. २००४ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले श्रीआनंद, हूमचंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून २३ मेघ तपासले, त्यांना बदल आढळला नाही. वेब-मर्फी गटानं त्यांच्या चूक-मर्यादा फार लहान धरल्याचा आक्षेप घेतला, त्याला उत्तरही आलं. २०११ मध्ये वेब यांनी दोन्ही दुर्बिणींची मापं जोडून नवा दावा केला, आकाशाच्या एका दिशेला अल्फा जास्त, विरुद्ध दिशेला कमी. २०१५ मध्ये व्हिटमोर आणि मर्फी यांनी दाखवलं की दोन्ही दुर्बिणींच्या तरंगलांबीच्या मोजपट्टीतच लांबवर पसरलेली वाकडेपणाची चूक होती. मर्फी स्वतः वेब यांच्या गटातले. आपल्याच मापातली चूक त्यांनी शोधून छापली, याचा मला फार आदर वाटतो. त्यांच्याच गटानं पुढे एस्प्रेसो या नव्या वर्णपटमापकानं एका तेजस्वी क्वेसारासमोरचा वायू तपासला, आणि दहा लाखात एक-दोनच्या मर्यादेत बदल सापडला नाही.

मोजपट्टीचा वाकडेपणा त्यांना, ठिपक्याची चूक आम्हाला. प्रमाण वेगळं, जात एकच.

९ मार्च, रविवार

आकाशाकडे न पाहताही हे तपासता येतं, ते ओक्लोमुळे. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या या खाणीच्या युरेनियममध्ये १९७२ साली युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के भरलं. एवढ्याशा तुटीवरून कळलं की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी, युरेनियम-२३५ तीन टक्क्यांच्या आसपास होतं तेव्हा, पाणी मुरलेल्या खनिजात अणुभट्टी आपोआप चालली होती. तिथल्या सॅमेरियम-१४९ नं न्यूट्रॉन किती गिळले ते अजून खडकात मोजता येतं. हे गिळणं न्यूट्रॉनच्या ऊर्जेतल्या, ०.०९७३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका अरुंद जागेवर अवलंबून असतं, आणि अल्फा जरा हलला असता तर ती जागा सरकली असती. १९७६ मध्ये श्ल्याख्तरनं हे ओळखलं. १९९६ मध्ये दामूर आणि डायसन यांनी मर्यादा काढली, दोन अब्ज वर्षांत एक कोटीत एकच्या आसपास. केतकीनं विचारलं, "म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं?" हजारो पटींनी. पण ओक्लो पृथ्वीवर आहे. तो 'केव्हा'चं उत्तर देतो, 'कुठे'चं नाही. आमच्या दीर्घिका दोन्हींचं थोडं थोडं देतात.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, रंगांची मिरवणूक. काम बंद.

२३ मार्च, रविवार

निवड संपली. रेडशिफ्ट ०.१ ते ०.५, सर्वांत लांबचा प्रकाश सुमारे पाच अब्ज वर्षांचा, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी जेमतेम होण्याच्या सुमाराचा. ३१ पैकी ७ गळल्या, २४ उरल्या. मग झाकलेला रकाना उघडला. आई, मी, केतकी, तिघंही पडद्यासमोर.

सरासरी बदल : उणे ०.०००२, अधिक-उणे ०.०००३.

केतकी जरा हिरमुसली. "म्हणजे शून्यच." मी तिला फेब्रुवारीची पानं उघडून दाखवली. १.२ टक्क्यांपासून इथवर आलोय, आणि हा शून्य आम्ही वाचलेला नाही, मोजलाय. पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या ऑक्सिजनमधली जोडी आणि आजची जोडी दहा हजारात तीनपर्यंत जुळतात, हे लोकमान्यनगरच्या एका खोलीत कळलं. ती थोड्या वेळानं स्वतःच उठली आणि सर्वेक्षणाचा नकाशा काढून बसली. आमच्या २४ही दीर्घिका आकाशाच्या उत्तरेकडच्या भागात आहेत. त्या दुर्बिणीला दक्षिण ध्रुवाकडचं आकाश दिसत नाही. दिशेचा प्रश्न आमच्या मापातून सुटत नाही, हे तिनं अहवालात वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. मला ते सांगावं लागलं नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर अहवालाची शेवटची प्रत वाचली. मुखपृष्ठावर जानेवारीत लिहिलेलं शीर्षक होतं, 'भौतिकशास्त्राचे नियम विश्वात सर्वत्र सारखे आहेत'. केतकीनं ते खोडून नवं लिहिलं : 'गेल्या पाच अब्ज वर्षांत, उत्तरेकडच्या २४ दीर्घिकांमध्ये, अल्फा दहा हजारात आठपेक्षा जास्त बदललेला दिसत नाही'. आठ कसे, तर उणे दोन आणि चूक-मर्यादेची दुप्पट, सहा. आई म्हणाली फार लांब झालं. केतकीनं एकही शब्द काढला नाही.